आजीच्या हातातली सुरी

फिश व्हील पहिल्यांदा व्हिडिओत पाहिलं तेव्हा माझ्यातला इंजिनिअर जाम खूश झाला. नदीच्या धारेवर फिरणारं लाकडी चाक, त्याला जाळीच्या टोपल्या. धारेविरुद्ध पोहणारा सामन मासा टोपलीत उचलला जातो आणि घसरून बाजूच्या पेटीत पडतो. मोटर नाही, डिझेल नाही. अलास्कात युकॉन नदीकाठच्या फोर्ट युकॉनसारख्या गावात हे फार महत्त्वाचं, कारण तिथं रस्ताच जात नाही. सगळं विमानानं येतं, नाहीतर उन्हाळ्यात बार्जनं. किराण्याच्या भावाचा अंदाज तुम्हीच करा.

इथल्या अथाबास्कन लोकांची हिवाळ्याची बेगमी म्हणजे सामन. उन्हाळ्यात नदीकाठी मुक्काम टाकायचा, मासे चिरायचे, पट्ट्या वाळवून धुरी द्यायची.

पण मासेच येईनासे झाले. समुद्र तापतोय, नदीही. २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडानं युकॉनमधल्या चिनूक सामनची मासेमारी ७ वर्षं थांबवायचं ठरवलं. एका चिनूकचं आयुष्य साधारण तेवढंच.

माशांसाठी हे योग्यच, असं मला वाटतं. पण तेव्हा ६ वर्षांची असलेली मुलगी बंदी उठताना १३ची होईल. सुरी कशी धरायची, पट्टी किती जाड ठेवायची, हे ती आजीकडून कधी शिकणार? आमच्याकडे कुणी राजीनामा दिला की रीतसर केटी होतं, डॉक्युमेंट लिहून घेतात, तरी निम्मं निसटतंच.

दुसऱ्या भागातले सामन विमानानं आणून काही गावांत वाटलेही गेले. त्यासाठी नदीकाठी मुक्काम टाकावा लागत नाही.