नवा संगणक आणि एक जुनी निविदा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबवली आणि गुवाहाटीच्या माझ्या निवासस्थानातील संगणक, त्याचा एकही भाग न बिघडता, कालबाह्य ठरला. २०१४ साली घेतलेले हे यंत्र इंटेलच्या चौथ्या पिढीतील प्रोसेसरवर चालते. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था लागते. लिनक्स बसवून आणखी काही वर्षे काढता आली असती, पण घरातील दुसऱ्या वापरकर्तीने त्यास संमती दिली नाही. तेव्हा नवा संगणक घेणे आले.

बाजारात चौकशी सुरू केली तेव्हा जाणवले ते असे, की आतून हे सारे संगणक जवळजवळ सारखेच. प्रोसेसर बहुधा इंटेल किंवा एएमडी यांचा, स्मृतीच्या चिप मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स अथवा मायक्रॉन यांच्या. मग दोन उत्पादकांत निवड करताना आपण नेमके काय निवडतो? माझ्या मते, यंत्र बिघडल्यावर कोण येणार, हे निवडतो. आणि नेमकी हीच गोष्ट दुकानात दिसत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल नाही. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये दाखवले की काही वस्तूंचा दर्जा खरेदीपूर्वी पाहून कळतो, तर काहींचा वापरल्यावरच. १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी यांनी त्यात तिसरा प्रकार जोडला: ज्यांचा दर्जा वापरल्यानंतरही नीट कळत नाही, केवळ विश्वासावर घ्याव्या लागतात अशा गोष्टी. दुरुस्ती ही त्यातलीच, कारण रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच असतो. ॲकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराविषयीच्या आपल्या १९७० च्या निबंधात अशा अंधारावरचा एक उपाय म्हणून हमीचा उल्लेख केला आहे. एम.ए.च्या परीक्षेत मी हे सारे व्यवस्थित लिहिले होते. हमीचा कागद वाचायचा असतो, हे मात्र मी फार उशिरा शिकलो, आणि तेही दुसऱ्याच्या खर्चाने.

२०१० मध्ये मी शिलाँगला होतो. आमच्या लहान उपकार्यालयांसाठी चौदा संगणक घ्यायचे होते आणि खरेदी समितीचे काम माझ्याकडे होते. निविदेत 'तीन वर्षे ऑन-साइट हमी' अशी अट मीच घातली होती. न्यूनतम दर देणाऱ्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या पुरवठादारांत प्रत्येक यंत्रामागे १,९०० रुपयांचा फरक होता. दुसऱ्याचा ऐझॉलमध्ये विक्रेता होता आणि तो सुटे भाग बाळगून होता. परंतु अट दोघांनीही मान्य केलेली! नियमानुसार न्यूनतम दर स्वीकारला, शासनाचे २६,६०० रुपये वाचले, लेखापरीक्षणात एक ओळही आली नाही.

त्यांतला एक संगणक लुंगलेईला गेला. मिझोरमच्या दक्षिणेकडील हे डोंगरी गाव, ऐझॉलहून रस्त्याने दिवस मोडतो. २०११ च्या पावसाळ्यात त्याची हार्ड डिस्क गेली. तेथील उच्च श्रेणी लिपिकाने दूरध्वनी केला तेव्हा उत्तर मिळाले की 'ऑन-साइट' म्हणजे ज्या शहरात अधिकृत सेवाकेंद्र आहे त्याच्या नगरपालिका हद्दीत; इतरत्र ग्राहकाने यंत्र आणून द्यावे. हे परिशिष्टात छापलेले होते आणि त्या पानावर माझी स्वाक्षरी होती. यंत्र बसच्या टपावरून गुवाहाटीला गेले व पाच आठवड्यांनी परत आले. डिस्क कोरी करकरीत. जुनी डिस्क बदली भाग म्हणून उत्पादकाकडे जमा झाली होती, कारण हमीत तसाच दंडक होता.

त्या डिस्कवर कार्यालयाच्या चालकाच्या निवृत्तिवेतनाची तयार प्रकरणे होती: सहाव्या वेतन आयोगानुसारची वेतननिश्चिती, अर्हताकारी सेवेची गणना, सारे काही. सेवापुस्तक कागदावर होते म्हणून पुन्हा करता आले, पण एकट्या लिपिकाला ते करायला वेळ लागला. तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची तरतूद नियमांत होती. तिचा प्रस्ताव पाठवायचे कोणाला सुचले नाही, मलाही नाही. चार महिने त्या माणसाला एक पैसा मिळाला नाही. तपासणीसाठी गेलो तेव्हा तो व्हरांड्यातील बाकावर बसला होता. मला पाहून उठला आणि सवयीने जीपची किल्ली कोणाकडे आहे ते सांगू लागला. तक्रार त्याने केली नाही. केली असती तर उत्तर देणे सोपे गेले असते.

न्यूनतम दराच्या नियमावर आपण सारे अधिकारी सहज दोष ढकलतो. तो नियम अटी पूर्ण करणाऱ्यांतील न्यूनतम दर घ्यायला सांगतो. अट काय असावी, ते आपणच लिहितो. 'लुंगलेई येथे, कळवल्यापासून इतक्या दिवसांत. डिस्क कार्यालयाच्या ताब्यात राहील' एवढे मी लिहिले असते तर दुसऱ्या क्रमांकाचा पुरवठादार कदाचित पहिला ठरला असता. बॅकअपची व्यवस्था नव्हती, तीही माझीच चूक. आज खरेदी जीईएम पोर्टलवरून होते, पण अटींचा मसुदा तेथेही माणसालाच करावा लागतो. असो.

म्हणून या वेळी पैसे देण्याआधी मी तीन उत्पादकांच्या सेवाकेंद्रांना दूरध्वनी केला. प्रश्न तीनच. मदरबोर्ड गेला तर गुवाहाटीत कोण येईल? निवृत्तीनंतर मी फलटणला राहणार आहे, तेथे कोण येईल? आणि बिघडलेली डिस्क माझ्याकडे राहील का? पहिल्या ठिकाणी चौदा मिनिटे ध्वनिमुद्रित आवाजाशी बोललो. दुसऱ्या ठिकाणच्या गृहस्थांनी 'संपूर्ण भारतात घरपोच सेवा' असे ठामपणे सांगितले, पण ते ईमेलवर लिहून द्या म्हणताच संभाषण लवकर आटोपले. तिसऱ्या ठिकाणी एक मुलगी होती. तिने पिनकोड विचारला, थांबली आणि म्हणाली, "सर, फलटणला आमचा माणूस नाही. साताऱ्याहून किंवा पुण्याहून येईल, भाग असेल तर चार-पाच दिवस, नसेल तर सांगता येत नाही. डिस्क ठेवायची असेल तर वेगळे पैसे पडतील." हे सारे तिने लेखी पाठवले.

पत्नी हे ऐकत होती. "अहो, एवढी चौकशी तुम्ही ऑफिससाठी तरी करता का?" असे तिने विचारले. मी काही बोललो नाही.

तिसऱ्याचाच संगणक घेतला, डिस्क राखण्याचे वेगळे पैसेही भरले. नवव्या दिवशी त्याच्या कळफलकाची एक कळ उठेना. तक्रार नोंदवल्यावर दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून एक तरुण आला. बारपेटाकडचा. उत्पादकाचा नोकर नव्हता. सेवेचा ठेका दुसऱ्या कंपनीकडे, तिने तो तिसऱ्याला दिलेला, आणि हा त्या तिसऱ्याचा. चार जिल्हे त्याच्याकडे. वेतन नाही, प्रत्येक फेरीमागे ठरावीक रक्कम. एकाच तक्रारीसाठी पुन्हा यावे लागले तर दुसऱ्या फेरीचे काही मिळत नाही आणि पेट्रोल स्वतःचे. म्हणून तो पहिल्याच फेरीत काम उरकतो. अवघड बिघाड दिसला तर 'यंत्र केंद्रात आणा' असे लिहितो, हेही त्याने न विचारता सांगितले.

त्याने कळफलक बदलला, चहा घेतला आणि निघताना आपला मोबाइल क्रमांक दिला. "सर, पुढच्या वेळी टोल-फ्रीवर करू नका. मलाच करा."

हमीपत्राच्या मागे तो क्रमांक लिहून ठेवला आहे. फलटणला तो उपयोगी पडणार नाही.