आगाऊ वर्गणी

ग्रंथ आधी सिद्ध होतो आणि वाचक त्यानंतर येतो, हा क्रम आपण इतका गृहीत धरलेला असतो की त्याचा वेगळा विचार करण्याची गरज सहसा भासत नाही. समीक्षेची तर सारी मांडणीच या क्रमावर उभी आहे. कलाकृती पूर्ण होऊन समोर येते आणि मग तिचा आस्वाद, विश्लेषण, मूल्यमापन या क्रियांना आरंभ होतो. परंतु कृती अस्तित्वात येण्यापूर्वीच तिचा वाचक अस्तित्वात आहे, त्याने आपले पैसे देऊन टाकले आहेत आणि कर्ता त्याच्या ऋणात राहून काम करीत आहे, अशीही एक परिस्थिती असते. तिच्याकडे माझे लक्ष नव्याने वेधले ते एका व्हिडिओ गेमने.

माझ्या भाचीची मुलगी अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी दोन वर्षे आमच्या घरी राहत होती. अभ्यास संपल्यावर ती संगणकासमोर बसून ‘हॉलो नाइट’ नावाचा एक खेळ खेळत असे. ‘मावशीआजी, तुम्हाला हे वाचता येईल’, असे ती एकदा म्हणाली, म्हणून मी तिच्याशेजारी बसले. ‘वाचता येईल’ हा तिचा शब्द चपखल होता. हॅलोनेस्ट हे कीटकांचे भूमिगत राज्य ओस पडलेले आहे. हातातल्या खिळ्याचे खड्ग करून एक इवला, अबोल योद्धा त्यात उतरतो. या राज्याचे काय झाले हे कोणी सलग सांगत नाही. शिलालेख, भग्न मूर्ती, मृतांच्या स्मृतींचे तुकडे आणि वाटेत भेटणाऱ्यांची अर्धीमुर्धी वाक्ये यांवरून ते आपणच जुळवायचे असते. प्रदेशाचा नकाशाही आयता मिळत नाही. कॉर्निफर नावाचा एक नकाशाकार कुठेतरी गुणगुणत बसलेला असतो. त्या गुणगुणण्याचा माग काढत जावे आणि त्याच्याकडून अपुरा नकाशा विकत घ्यावा. योद्धा मेला तर त्याचे धन त्याच्याच छायेपाशी मागे राहते आणि ते परत मिळविण्यासाठी मृत्यूच्या जागी पुन्हा जावे लागते. जुन्या कागदपत्रांत आयुष्य घालविलेल्या माणसाला हे सारे परके वाटण्याचे कारण नव्हते.

तथापि मला अधिक विचारात पाडले ते या खेळाच्या जन्मकथेने. ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड शहरात एरी गिब्सन आणि विल्यम पेलन या दोघांनी ‘टीम चेरी’ या नावाने तो रचावयास घेतला. त्यांच्यामागे कोणी मोठा प्रकाशक नव्हता. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी ‘किकस्टार्टर’वर आपली योजना मांडली. न्यूयॉर्कमध्ये २००९ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेचे तत्त्व साधे आहे. कर्त्याने आपला संकल्प आणि त्यासाठी लागणारी रक्कम जाहीर करावयाची. ठरलेल्या मुदतीत ती रक्कम जमली तरच पैसे त्याच्या हाती पडतात, अन्यथा देणाऱ्यांकडून काहीच घेतले जात नाही. गिब्सन आणि पेलन यांनी ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले होते. २,१५८ लोकांनी मिळून ५७,१३८ डॉलर दिले. खेळ २०१५ च्या मध्यावर तयार होईल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात तो २४ फेब्रुवारी २०१७ रोजी प्रसिद्ध झाला. मधल्या काळात डेव्हिड काझी हे तंत्रज्ञ आणि क्रिस्टोफर लार्किन हे संगीतकार येऊन मिळाले. चित्रे हातांनी रेखाटलेली होती आणि प्रदेश कल्पनेपेक्षा विस्तारत गेला होता.

हे वाचताना मला आपल्याकडच्या एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांची आठवण होणे अपरिहार्य होते. प्रबंधाच्या कामासाठी मी ज्या जुन्या प्रती हाताळल्या, त्यांपैकी अनेकींच्या आरंभी किंवा अखेरीस आश्रयदात्यांच्या नावांची यादी असे. कोणी मामलेदार, कोणी शाळाखात्यातील अधिकारी, कोणी संस्थानिक, कोणी व्यापारी. नावापुढे घेतलेल्या प्रतींची संख्या. ग्रंथ छापण्यापूर्वी या मंडळींनी वर्गणी भरलेली असे आणि त्या बळावर ग्रंथकार छापखान्याची पायरी चढत असे. पुढे श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी मर्यादित जबाबदारीची मंडळी उभारली, तिचे भाग विकले, गावोगाव वर्गणीदार मिळविले आणि २३ खंडांचे काम तडीस नेले. त्या खटाटोपाचा वृत्तान्त त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवला आहे. महाराष्ट्राबाहेर पाहावे तर १९७६ मध्ये गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा चित्रपट उभा केला. तेव्हा साधन नवे असले तरी व्यवहाराची जात जुनी आहे.

या व्यवहाराचे नेमके स्वरूप काय? आगाऊ पैसे देणारा ग्राहक नव्हे, कारण ग्राहकाला वस्तू दिसत असते आणि ती नाकारण्याचा अधिकार असतो. तो भागीदारही नव्हे, कारण नफ्यात त्याला वाटा नाही. दानशूर म्हणावे तर त्याला मोबदल्यात काही हवे आहे. वस्तुतः तो एक वचन विकत घेतो, आणि वचन ही अशी वस्तू आहे की जिचे मोल ते पाळले जाईपर्यंत ठरत नाही.

याचा कटू अर्थ मला बालपणीच कळला होता. माझे वडील तालुक्याच्या गावी शिक्षक होते. १९७४ च्या सुमारास एका प्रकाशनसंस्थेने इतिहाससाधनांचे बारा खंड काढण्याची योजना जाहीर केली आणि वडिलांनी पगारातून आगाऊ वर्गणी भरली. दोन खंड आले. तिसरा आला नाही. वडिलांनी पाठविलेल्या पत्रांची उत्तरे आली नाहीत. कपाटात त्या दोन खंडांशेजारी त्यांनी दहा खंडांची जागा कितीतरी वर्षे मोकळी ठेवली होती. तेथे दुसरी पुस्तके लावू देत नसत. पैशांविषयी ते कधी बोलले नाहीत. ‘काम थांबले असेल तर थांबले म्हणून कळवावे. एका कार्डाचा तर प्रश्न आहे’, एवढेच ते म्हणत. वचन मोडल्याने पैसा बुडतो ही गोष्ट गौण. माणूस वाट पाहत राहतो आणि आपण वाट पाहावी की थांबावे हेही त्याला समजत नाही, हे खरे दुःख आहे.

‘हॉलो नाइट’च्या कथेचा उत्तरार्ध मला महत्त्वाचा वाटतो तो याच कारणाने. मागितल्यापेक्षा अधिक रक्कम जमली तर काय काय वाढवू, हे २०१४ मध्येच सांगितलेले होते. त्यात हॉर्नेट या दुसऱ्या पात्राच्या रूपाने खेळता येईल असे एक आश्वासन होते आणि त्यासाठी लागणारी रक्कम जमली होती. मूळ खेळ प्रसिद्ध झाल्यानंतर ऑगस्ट २०१७ ते ऑगस्ट २०१८ या वर्षभरात चार भर टाकण्यात आल्या आणि त्या सर्वांना विनामूल्य मिळाल्या. परंतु हॉर्नेट आली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्त्यांनी जाहीर केले की, तिचा विस्तार भर म्हणून मावणारा राहिलेला नाही, तो ‘सिल्कसाँग’ नावाचा स्वतंत्र खेळ होईल आणि जुन्या वर्गणीदारांना तो विनामूल्य मिळेल.

त्यानंतर प्रदीर्घ शांतता पसरली. मे २०२३ मध्ये अजून काही काळ लागेल एवढे कळविण्यात आले. वाट पाहणाऱ्यांनी स्वतःचीच थट्टा आरंभिली. त्यांच्यापैकी एक जण तर रोज चित्रफीत काढून ‘आज काही वार्ता नाही’ एवढीच वार्ता देत असे. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांची पूर्वसूचना देऊन ४ सप्टेंबरला खेळ प्रसिद्ध झाला. त्या दिवशी खरेदीच्या गर्दीने विक्रीच्या व्यवस्था कोलमडल्या. पहिला खेळ उतरणीचा होता, दुसरा चढणीचा. सुई आणि रेशीमधागा घेऊन हॉर्नेट फार्लूम नावाच्या देशात यात्रेकरूंच्या वाटेने वर चढत जाते. मध्यंतरीच्या वर्षांत काम अडलेले नव्हते, ते करीत राहण्यात आनंद होता म्हणून वाढत गेले, असे कर्त्यांनी त्या वेळी सांगितले. लेखकवर्गाला हे कारण अपरिचित वाटू नये.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. २०२५ पर्यंत ‘हॉलो नाइट’च्या दीड कोटी प्रती विकल्या गेल्या होत्या. त्या संख्येपुढे २,१५८ हा आकडा दर दहा हजारांमागे दोन इतकाही भरत नाही. या मूठभर लोकांना विसरले असते तर विक्रीत काडीचाही फरक पडला नसता. हॉर्नेटला जुन्याच प्रदेशात फिरू देऊन, एखादी किरकोळ भर घालून वचन शब्दशः पाळताही आले असते. कर्त्यांनी वचनाचा शब्द न पाळता त्याचा आशय पाळला, तो मूळ वचनापेक्षा पुष्कळ मोठा करून पाळला आणि त्याचा पहिला हक्क अकरा वर्षांपूर्वीच्या देणाऱ्यांकडे ठेवला.

म्हणून मी त्यांना निर्दोष ठरवीत नाही. सान फ्रान्सिस्कोच्या ‘डबल फाइन’ या संस्थेचे उदाहरण तुलनेसाठी घेता येईल. टिम शेफर यांच्या या संस्थेने फेब्रुवारी २०१२ मध्ये चार लाख डॉलर मागितले आणि ८७,००० हून अधिक लोकांनी ३३ लाखांवर दिले. पैशाबरोबर आकांक्षाही वाढली, इतकी की मिळालेला पैसा अपुरा पडला. ‘ब्रोकन एज’ हा खेळ दोन भागांत काढावा लागला. पहिला जानेवारी २०१४ मध्ये आणि दुसरा, पहिल्याच्या उत्पन्नाच्या आधारे, एप्रिल २०१५ मध्ये. परंतु ही सारी ओढाताण चित्रित करण्याची मुभा त्यांनी एका चमूला दिली होती आणि तो अनुबोधपट वर्गणीदारांना वेळोवेळी पाहता येत होता. टंचाई, मतभेद, चुकलेले अंदाज, सगळे उघड होते. एकाने सर्व काही दाखविले, दुसऱ्याने जवळजवळ काहीच सांगितले नाही. दोघांनीही काम पुरे केले.

माझे मत विचाराल तर, वर्गणी देणाऱ्याला कृतीच्या अंतरंगात हात घालण्याचा अधिकार मिळत नाही. कोणते पात्र जगावे, कोणत्या प्रदेशातून वाट जावी, हे कर्त्यानेच ठरवावयाचे. तारखेवर बोट ठेवण्याचा अधिकारही मला दुय्यम वाटतो, कारण सर्जनाचे वेळापत्रक अगोदर छापता येत नाही. परंतु काम चालू आहे की थांबले, हे कळण्याचा अधिकार मात्र त्याचा आहे, आणि तो कोणत्याही यशाने रद्द होत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला परिश्रमातले मौन आणि पलायनातले मौन सारखेच दिसते. ॲडिलेडच्या कर्त्यांचे मौन परिश्रमाचे होते हे सप्टेंबर २०२५ मध्ये सिद्ध झाले. त्यापूर्वीच्या वर्षांत ते केवळ विश्वासाच्या आधारे मानावे लागत होते. तो विश्वास टिकला याचे श्रेय जितके कर्त्यांचे, तितकेच वाट पाहणाऱ्यांचे आहे. वडिलांच्या वाट्याला आलेले मौन दुसऱ्या जातीचे होते, आणि तरीही जागा मोकळी ठेवण्यात त्यांनी तोच धर्म पाळला होता.

हॅलोनेस्टमध्ये एक दफनभूमी आहे. तेथील एका निवांत कोपऱ्यात मृतांचे आत्मे तरंगत असतात आणि जवळ गेले की आपापले एखाद-दुसरे वाक्य बोलतात. त्यांच्यापैकी काही पात्रे वर्गणीदारांनी सुचविलेली आहेत, असे माझ्या नातीने सांगितले. जुन्या ग्रंथातली आश्रयदात्यांची यादी याहून निराळी काय असते? तीही आता मृतांचीच सभा आहे. ग्रंथ कसा ठरेल हे ठाऊक नसताना ज्यांनी त्याच्यावर भरवसा टाकला, त्यांची ती एकमेव खूण आहे.

आपल्या वाङ्मयेतिहासात या मंडळींना स्थान मिळालेले नाही. ग्रंथकार, आशय, प्रभाव, आवृत्त्या यांची नोंद होते. कृती होण्याआधीच्या वाचकाची होत नाही. मी पाहिलेल्या काही प्रतींची नव्याने बांधणी करताना यादीची पाने निरुपयोगी समजून काढून टाकलेली होती. ग्रंथपालांना माझी विनंती आहे की बांधणीला पुस्तक देताना ही पाने आवर्जून राखावीत. साहित्याच्या अभ्यासकांनी एखाद्या यादीतील चार नावांचा तरी शोध घेऊन पाहावा: ते कोण होते, त्यांनी किती प्रती घेतल्या, त्यांना ग्रंथ किती वर्षांनी मिळाला, आणि मध्यंतरी त्यांना कोणी कळविले होते काय.