ग्रीन स्ट्रीटवरचा पास्ता

अप्टन पार्क स्टेशनातून बाहेर पडले की समोरच ग्रीन स्ट्रीट. पूर्व लंडनचा हा रस्ता पाहिल्यावर आपण विमानाने नऊ तास प्रवास करून आलो, यावर विश्वास बसत नाही. सोन्याची दुकाने, लेहंग्यांच्या काचा, हलाल गोश्तवाले, क्वीन्स मार्केटमध्ये भेंडी आणि कच्ची केळी. जवळच वेस्ट हॅम क्लबचे जुने फुटबॉल मैदान होते. 2016 साली क्लब तिथून गेला आणि त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. माझ्या मामेभावाचे किराणा दुकान याच भागातल्या एका गल्लीत आहे. मेच्या सुट्टीत मी तिथे तीन आठवडे राहिले. राजवाडा वगैरे पाहिला, पण लक्षात राहिला तो पास्ता.

भाईजानने त्याच महिन्यात एका आयातदाराकडून तुर्की पास्त्याचे एक पॅलेट उधारीवर घेतले होते. पॅलेट म्हणजे लाकडी फळीवर रचून प्लास्टिकने गुंडाळलेला माल. साठ खोकी, प्रत्येकात अर्ध्या किलोची वीस पाकिटे. म्हणजे 1200 पाकिटे, सहाशे किलो. इटालियन माल त्याला घाऊक बाजारात महाग पडत होता. तुर्कस्तान हा इटलीनंतरचा मोठा पास्ता निर्यातदार देश आहे, आणि गहू तोच, ड्युरम. आपल्याकडच्या बन्सी रव्याच्या जातीचा कडक, पिवळसर गहू. इटलीत तर 1967च्या कायद्याने सुका पास्ता याच गव्हाच्या रव्याचा करावा लागतो. मऊ गव्हाच्या पिठाचा पास्ता उकळताना चिकट होऊन गोळा होतो, हे ज्याने मैद्याच्या शेवया बिघडवल्या आहेत त्याला सांगायला नको.

माल उघडला तेव्हा लक्षात आले की पाकिटांवर सगळे तुर्कीत छापलेले आहे. आयातदार म्हणाला, स्वस्तात दिला तो त्याचमुळे, लेबलचे तुमचे तुम्ही पाहा. ब्रिटनमध्ये असा माल विकता येत नाही. पदार्थाचे नाव, घटक, वजन, मुदत आणि जबाबदार व्यापाऱ्याचा तिथला पत्ता इंग्रजीत हवाच. शिवाय गहू हा ॲलर्जी करणारा घटक, म्हणून तो शब्द ठळक अक्षरांत. मुदतीचेही दोन प्रकार आहेत. ‘यूज बाय’ उलटली की पदार्थ खायचाच नाही, ‘बेस्ट बिफोर’ उलटली तर फक्त चव-दर्जा उतरू शकतो. पास्त्यावर दुसरी असते.

मग काय, घरच कारखाना झाले. मे महिन्यात तिथे मगरिब नऊच्या आसपास होते, इशा त्याहून कितीतरी उशिरा. नमाज आटोपून आम्ही दिवाणखान्यात सतरंजीवर बसायचो. भाभी स्टिकर सोलून द्यायची, मुले चिकटवायची आणि मी मास्तरीणबाई, तपासणी माझ्याकडे. पहिल्याच रात्री ‘ड्युरम’चे स्पेलिंग चुकलेले निघाले आणि दोनशे स्टिकर कचऱ्यात गेले.

भाचा म्हणाला, “फुफी, तुर्की लोकांनी इटलीची नक्कल केली ना?” मला वर्गात असल्यासारखे वाटले. त्याला सांगितले, इद्रीसी हे नाव ऐकलेस? सिउटाकडचा हा मुस्लिम भूगोलकार सिसिलीत पालेर्मोला राजा रॉजरच्या दरबारी होता. 1154 साली पूर्ण झालेल्या त्याच्या ग्रंथात त्राबिया गावाची नोंद आहे. वाहते पाणी, गिरण्या, आणि तिथे बनणारी ‘इत्रिया’, म्हणजे सुकवलेल्या शेवया. कालाब्रियात आणि मुस्लिम व ख्रिस्ती मुलखांत ती जहाजे भरून जात असे. मार्को पोलोने पास्ता चीनमधून आणला असे म्हणतात, पण तो परतला 1295 साली! दक्षिण इटलीत आजही एका प्रकाराला ‘त्रिया’ म्हणतात. सुकवलेला पास्ता टिकतो, म्हणूनच तो आठशे-नऊशे वर्षांपूर्वीही परमुलखात विकायचा माल होता. भाच्याने ऐकून घेतले आणि विचारले, “त्यांनापण लेबल लावायला लागायचं?”

इंग्रजांची गंमत वेगळीच. 1 एप्रिल 1957 ला बीबीसीने स्वित्झर्लंडमध्ये झाडांवरून स्पॅगेटी तोडतानाची फिल्म दाखवली होती. ती खरी मानून आपल्याकडे हे झाड कसे लावायचे, असे विचारणारे फोन लोकांनी केले. आज तिथल्या दुकानांत पास्ता आपल्याकडच्या पोह्यांसारखा झाला आहे.

लेबले लागली, माल शेल्फवर गेला, आणि पाकिटे जागची हलेनात. बायका उचलायच्या, उलटून पाहायच्या, “भाई, हलाल है?” विचारायच्या आणि शेजारचे हिरव्या शिक्क्याचे, जवळजवळ दीडपट किमतीचे पाकीट घेऊन जायच्या. दोन्हींत रवा आणि पाणी, तिसरे काही नाही. एका ओळखीच्या दुकानदाराने उपाय सुचवला: गोल हिरवा स्टिकर छापून घे, एक पेनीसुद्धा लागत नाही. भाईजानची उधारी महिन्याअखेर फेडायची होती. त्याने माझ्याकडे पाहिले. कबूल करते, मी म्हटले, “लाव ना. खोटं थोडंच आहे? हलालच तर आहे.”

मामूजान कोपऱ्यात तसबीह घेऊन बसले होते. चाळीस वर्षे त्यांनी तिथल्या कारखान्यात काम केले आहे, फार बोलत नाहीत. म्हणाले, “पास्ता हलाल आहे, बेटा. पण शिक्का म्हणजे कोणीतरी येऊन पाहून गेला, याची साक्ष. कोण आला होता पाहायला?”

भाईजान चिडला. हप्ता कसा भरू, म्हणाला. त्या रात्री तो जेवला नाही, आणि मामूजानही उठून आत गेले. मला माझीच लाज वाटली. परीक्षेत मुलाने न केलेल्या प्रयोगाचे बरोबर उत्तर लिहिले, तर मी त्याला प्रयोगाचे गुण देते का?

दुसऱ्या दिवशी मी एक कार्ड लिहिले. उर्दूत माझ्या हाताने, इंग्रजीत भाचीने, बांगला शेजारच्या दर्ज्याकडून. ‘फक्त गव्हाचा रवा आणि पाणी. अंडे नाही, चीज नाही, मांस नाही. वाचून घ्या.’ खाली भाभीने एक ओळ वाढवली, ती मला फार आवडली: भरलेला पास्ता आणि तयार सॉस मात्र नीट वाचूनच घ्या. ते खरेच आहे. भरलेल्या पास्त्यात डुकराचे मांस असू शकते, सॉसमध्ये वाइन. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनेच करतात.

कार्डाने चमत्कार वगैरे झाला नाही. काही बायकांनी वाचले, दोन-चारजणींनी चष्मा काढून पुन्हा वाचले आणि पाकिटे नेली. बऱ्याचजणींनी हिरव्या शिक्क्याचेच घेतले. उधारीतला अर्धा हप्ता मामूजाननी आपल्या पेन्शनमधून भरला. भाईजानला हे मी सांगू नये, असे त्यांनी मला बजावले होते. नंतर त्याचे त्यालाच कळले. मी निघाले तेव्हा बावीस खोकी उरली होती. दोन पाकिटे मी बॅगेत टाकली. रत्नागिरीला अम्मीने चष्मा लावून मागची बाजू वाचायला घेतली आणि विचारले, “हे इंग्रजी इतकं वाकडं कोणी चिकटवलंय?”