एकाच बोटीचे उतारू

रत्नागिरीस गेलें कीं भगवती बंदरावर घटकाभर बसल्यावांचून मला राहवत नाहीं. वर रत्नदुर्गाची तटबंदी, खालीं लाटांचा अखंड घोष, आणि समोर रितें क्षितिज. मुंबई-गोव्याच्या उतारूंची आगबोट आतां तेथें येत नाहीं. परंतु ज्यांनीं लहानपणीं पडावांतून आगबोटीपर्यंत जाऊन, एका हातीं आईचा पदर आणि दुसऱ्या हातीं फणसाच्या साठांचा डबा सांभाळीत ती डुलणारी शिडी चढली आहे, त्यांना तें क्षितिज रितें दिसत नाहीं.

१९४९ सालच्या मे महिन्यांत मी असाच मुंबईस निघालों होतों. वय नऊ. बोट गोव्याकडून आलेली होती. डेकवर आमच्या सतरंजीपलीकडे एक गोमंतकीय तरुण बसला होता. त्याच्या मांडीवर एक काळी पेटी होती, आणि डुलकी लागली तरी तिच्यावरचा हात कांहीं तो काढीत नव्हता. ‘‘यांत काय आहे हो?’’ मीं विचारलें. आईनें डोळे वटारले. पण त्यानें हंसून पेटी उघडली. आंत पिवळें धमक तुतारीसारखें वाद्य. ‘‘ट्रंपेट,’’ तो म्हणाला. आणि मुंबईंत आपलें पोट हीच भरणार, असें कांहींसें त्यानें कोंकणींत सांगितलें. भाऊच्या धक्क्यावरील गर्दींत तो दिसेनासा झाला. आम्ही ठाकुरद्वारास काकांच्या बिऱ्हाडीं गेलों. तो बहुधा आमच्यापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर, धोबीतलावास उतरला असावा, हें समजण्याइतकें ज्ञान मला तेव्हां नव्हतें.

ठाकुरद्वाराहून चिराबाजारामार्गें सरळ चालत गेलें कीं धोबीतलाव लागतो. तलाव केव्हांच बुजला. नांव तेवढें उरलें. आमच्या बाजूस चाळी, खानावळी आणि कोंकणांतील चाकरमान्यांच्या गांवकीच्या खोल्या. त्या बाजूस जेर महालासारख्या इमारतींत गोमंतकीय ख्रिस्ती लोकांचे ‘कूड’. ज्या त्या गांवाचा कूड निराळा. प्रत्येकास एक ट्रंक ठेवण्यापुरती जागा आणि सायंकाळीं सर्वांची मिळून प्रार्थना. गांवकीची खोली काय आणि कूड काय, एकाच गरजेचीं हीं दोन रूपें. दोन्हींकडील माणसें एकाच समुद्रानें आणून सोडलेलीं. पण मधला रस्ता ओलांडून जाण्याचें कारण सहसा कोणास पडत नसे.

या कूडांतून वादक इतके कां निघाले? गोव्यांतील चर्चच्या शाळांत ‘मेस्त्री’ मुलांना लहानपणींच स्वरलेखन वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. मुंबईंतील मोठ्या हॉटेलांना अशा वादकांची गरज होती. अमेरिकेंत न्यू ऑर्लिअन्स शहरीं, गुलामगिरींतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांनीं जॅझ नांवाचें संगीत घडविलें. १९३५ सालीं लिऑन अॅबे हा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलांत आला. पुढें टेडी वेदरफर्ड हा पियानोवादकही तेथें वाजवूं लागला. गोमंतकीय तरुणांनीं त्यांचें वादन कान देऊन ऐकलें व आत्मसात केलें. मिकी कुरैया यांचा ताफा १९३९ पासून सुमारें दोन दशकें ताजमध्यें वाजत होता. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नांवानें गाजले. लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांस हें संगीत म्हणजे नुसता गोंगाट वाटत असेल. परंतु त्याचें मर्म आपणांस परकें नाहीं. ठरलेली चाल एकदां मांडावयाची आणि मग प्रत्येक वादकानें आपापल्या पाळीस, तालाचें भान न सोडतां, तिचा त्या क्षणीं सुचेल तसा विस्तार करावयाचा. ख्यालाच्या बैठकींत आपण ज्यास उपज म्हणतों, तिचीच ही दूरदेशची बहीण.

त्याच १९४९ सालीं मुंबईचा दारूबंदीचा कायदा झाला. हॉटेलांतील रात्रींचे जलसे ओसरूं लागले आणि पुष्कळ वादक बोलपटांच्या स्टुडिओंकडे वळले. तेथें धोबीतलाव आणि गिरगांव यांची खरी गांठ पडली. संगीतकार चाल गुणगुणून दाखवी. गोमंतकीय साथीदार ती कागदावर उतरवी आणि कोणत्या वाद्यानें केव्हां काय वाजवावें हें लिहून देई. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांना चिक चॉकलेट यांचें असेंच साहाय्य लाभलें. १९५१ सालच्या ‘अलबेला’चीं गाणीं घरोघर वाजलीं.

आमच्या काकांच्या घरींही वाजलीं. त्याआधींची एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझी आत्या बाजाची पेटी सुरेख वाजवी. धोबीतलावास एक वृद्ध ख्रिस्ती मास्तर व्हायोलिन शिकवीत. त्यांच्याकडे जाण्याची परवानगी तिनें मागितली. काका म्हणाले, ‘‘पेटी आहे ना घरांत? तीच वाजव. हॉटेलांतलीं वाद्यें आपल्या घरीं नकोत.’’ ती पेटीही युरोपांतूनच आलेली, आणि परकीय म्हणून १९४० सालीं नभोवाणीनें तिलाही दार बंद केलें होतें, हें काकांस कोणीं सांगावें? आत्या कांहीं बोलली नाहीं.

‘अलबेला’ची तबकडी आली तेव्हां तेच काका आरामखुर्चीच्या हातावर बोटांनीं ताल धरून म्हणाले, ‘‘पाहा, हा आपला चितळकर!’’ आत्यानें हळूच विचारलें, ‘‘अण्णा, मधली ही ट्रंपेट वाजवतो तो कोण?’’ ‘‘असेल कोणी वादक.’’ गाणें संपल्यावर तिनें तबकडी उचलून दिव्यापाशीं नेली व तिच्यावरील अक्षरें वाचलीं. गायकांचीं नांवें होतीं, संगीतकाराचें होतें, वादकाचें नव्हतें. तिनें ती पुसून जागेवर ठेवली.

पुढें धोबीतलावानें बरेंच पाहिलें. १९५८ सालीं तेथील सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणांत अँथनी गोन्साल्विस यांनीं भारतीय राग व पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घातला. त्यांत लता मंगेशकर व मन्ना डे गायिले. ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ च्या बोलपटांतील गाण्यानें हें नांव मुलाबाळांच्या तोंडीं बसलें. पण त्या नांवाचा खराखुरा व्हायोलिनवादक आहे, हें कितीकांस ठाऊक होतें? १९७८ मध्यें ‘जॅझ यात्रा’ भरली तीही तेथेंच, रंगभवनांत. ज्या उघड्या रंगमंचावर आपण मराठी नाटकें पाहिलीं, त्याच मंचावर सॉनी रोलिन्ससारखा थोर सॅक्सोफोनवादक वाजवून गेला. पुढें शांतता-क्षेत्राच्या नियमांमुळें तेथील मैफली थांबल्या.

आत्या आज नाहीं. व्हायोलिन तिच्या हातीं कधींच आलें नाहीं. मुंबईस गेलों कीं मी ठाकुरद्वाराहून धोबीतलावापर्यंत पायीं जातों. वाट खरोखरच पंधरा मिनिटांची आहे. आमच्या घरास ती एका पिढींत चालवली नाहीं. आणि रत्नागिरीस परतल्यावर बंदरावर बसलों असतां डेकवरचा तो तरुण डोळ्यांपुढें येतो. त्याचें वाद्य आम्हीं विचारलें, पाहिलें. नांव तेवढें विचारावयाचें राहून गेलें.