बाहुबलीच्या पायथ्याची रुई

हातकणंगले मागे टाकून कुंभोजच्या दिशेने निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस लागतो. उसाच्या या हिरव्या गर्दीतून बाहुबलीचा डोंगर पुढे येतो आणि यात्रेकरूची दृष्टी आपोआप वर, भगवंतांच्या शुभ्र मूर्तीकडे वळते. ध्यानस्थ बाहुबलींच्या देहावर वेली चढल्या, पायांशी वारुळे वाढली, ही कथा समाजातील प्रत्येक मूल ऐकतच मोठे होते. अशा क्षेत्री आलेल्या माणसाने पायाशी वाढणाऱ्या झुडपाकडेही क्षणभर पाहावे, हे तसे ओघानेच आले.

झुडूप साधेच, रुईचे. शनिवारी मारुतीसाठी हिची पाने खुडली जातात, एरवी तिच्याकडे कोणी पाहत नाही. श्रावणात मात्र पान हलकेच उलटून पाहावे. प्लेन टायगर नावाच्या नारिंगी फुलपाखराची मादी पानाच्या खालच्या बाजूस एकेक करून मोहरीहूनही लहान, पांढरट अंडी घालते. शेजारच्या पानावर काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी असते; तिच्या पाठीवर काळ्या मऊ तंतूंच्या तीन जोड्या. रुईचा चीक विषारी, पण अळी तो पचवते आणि त्याच विषाच्या बळावर पुढे फुलपाखरू पक्ष्यांना नकोसे होते. एखाद्या काटकीला फिकट हिरवा कोष उलटा टांगलेला सापडतो. अंड्यापासून उड्डाणापर्यंतचा हा सारा संसार तीन-चार आठवड्यांचा.

अशा दर्शनाची नोंद ठेवण्याची सोय आता प्रत्येकाच्या खिशात आहे. अमेरिकेतील बर्कले येथे २००८ साली विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेल्या ‘आयनॅचरलिस्ट’वर कोणीही छायाचित्र, स्थळ आणि तारीख देऊन नोंद करू शकतो. भारतात फुलपाखरांच्या अंडी-अळी-कोषांसह नोंदी जमवणारे स्वतंत्र संकेतस्थळही आहे. मात्र ‘जीवनावस्था’ हा रकाना पुष्कळदा कोराच राहतो, आणि भरला तर बहुधा ‘प्रौढ’ एवढ्याच शब्दाने. पंखांचे रंग डोळ्यांत भरतात, अळी भरत नाही. वास्तविक उडते फुलपाखरू एवढेच सांगते की ते येथून गेले. अंडे किंवा अळी सांगते की ते येथे जन्मते, याच झाडावर वाढते. हे झाड तोडले तर ते येथून संपेल. म्हणून अळीच्या नोंदीबरोबर झाडाचे नाव लिहिणे मोलाचे. एक नोंद म्हणजे एक जीव, एका वेळी, एका जागी. तीच अळी चार दिवसांनी कोषात गेली, तर ती दुसरी नोंद. नाकतोडा किंवा ढेकणाच्या जातीच्या कीटकांना कोषावस्थाच नसते. त्यांचे पिल्लू कात टाकत टाकत प्रौढ होते. तेथे ‘अळी’ लिहिणे चूक.

पाठशाळेत मुले कृमी दोन इंद्रियांचा, मुंगी तीन इंद्रियांची, भुंगा चार इंद्रियांचा, अशी जीवांची वर्गवारी शिकतात. वळवळणारी अळी पाहून मूल तिला सहजच कृमी म्हणते. भिंगाखाली मात्र तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना इवल्या डोळ्यांचे ठिपके दिसतात, आखूड स्पर्शिकाही दिसतात. गांडुळाच्या पंक्तीत ती बसत नाही. उद्या उडणारे फुलपाखरू तीच आहे. द्रव्य एक, पर्याय अनेक, हा धडा पाटीवर शिकवण्यापेक्षा रुईच्या पानावर दाखवणे सोपे.

अवघड प्रश्न उभा राहतो तो डोंगर उतरल्यावर, उसात. हातकणंगले-शिरोळ भागातील असंख्य जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी, आणि हुमणी या कुटुंबांना कोणी सांगायला नको. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीवर बसतात, मग मादी मातीत अंडी घालते. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली अळी पावसाळाभर मुळे खाते आणि उभा ऊस वाळतो. पुढे मातीतच कोष होतो, आणि नवा भुंगेरा पुढच्या वळवापर्यंत जमिनीतच पडून राहतो. अवस्था न ओळखता हाताला येईल तेव्हा टाकलेले औषध हुमणीच्या कोषाला पुरेसे पोचत नाही आणि भोवतीचे निरपराध जीव मात्र त्याला बळी पडतात. भुंगेरे प्रथम कोणत्या तारखेला, कोणत्या झाडावर दिसले, याची गावोगाव नोंद झाली तर विषाचा वापर पुष्कळ आवरता येईल. शेतकऱ्याची हिंसा त्याने सर्वस्वी टळेल असे नाही. उद्योगी आणि विरोधी हिंसेची मर्यादा गृहस्थधर्माने मान्य केलेली आहे, तरी तिची खंत बाळगणाऱ्याला वेळेचे हे ज्ञान उपयोगी पडते.

चातुर्मासात मुनिसंघ एका जागी थांबतात, कारण वाटेवर जीव फार. नोंद करणाऱ्यासाठीही तोच काळ सर्वांत भरगच्च. पान तोडायचे नाही, अळी बोटाने उचलायची नाही, कोषाची फांदी घरी न्यायची नाही. उन्हाकडे पाठ करून उभे राहायचे आणि सावली पानावर पडू द्यायची नाही.

चार-आठ दिवसांनी पुन्हा आले तर काटकीवरचा कोष काचेसारखा पारदर्शक आणि रिकामा दिसतो. पुष्कळजण त्याची नोंद ‘कोष’ म्हणून करतात. ती ‘कात’ म्हणून करावी. आतला जीव तेथे नाही.