पहिला नंबर कुणाचा?

(द्वितीय वर्ष, कला)

माणसाला क्रमवारी लावण्याची भारी हौस! शाळेत ‘पहिला नंबर कुणाचा?’ इथून जी सुरुवात होते, ती जन्मभर पुरते. आमच्या कॅन्टीनमध्ये क्रिकेटवाल्यांचे राज्य आहे. गावसकर मोठा की तेंडुलकर, या वादात चहाचे किती कप निवले असतील, कोण जाणे! पण आम्ही पडलो घाटकोपरची, असल्फाच्या डोंगरावरची मुले. आमचे मैदान म्हणजे दोन चाळींमधली जागा. तिथे बॅट फिरवली की कुणाची तरी काच फुटलीच म्हणून समजा. कबड्डीला ना बॅट लागते, ना चेंडू. लागतो तो फक्त दम. तेव्हा आमचा वाद कबड्डीचा, आणि तोही ‘यू मुंबा’ या संघाचा : या संघाचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण?

बुवा साळवींच्या पिढीने हा मातीतला खेळ नियमांत बसवून देशभर नेला. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत तो पदकासाठी खेळला गेला. पुढे 2014 मध्ये व्यावसायिक प्रो कबड्डी सुरू झाली. 26 जुलैला वरळीत झालेल्या पहिल्याच सामन्यात यू मुंबाने जयपूरला 45-31 असे हरवले. मी तेव्हा आठ वर्षांचा. मंडळाच्या खोलीतल्या टीव्हीपुढे मांडी घालून बसलेलो. माती जाऊन मॅट आली होती, आणि खेळाडूंचा चक्क लिलाव होत होता! भाजीपाल्याचा लिलाव ऐकून ठाऊक होता. माणसांचा प्रथमच पाहिला.

लिलाव आला आणि आमच्या वादाला निराळेच वळण लागले. संघ मुंबईचा, पण खेळाडू कुठले? यावरून आमच्या वस्तीत तीन पक्ष पडले.

पहिला पक्ष आकडेवाल्यांचा. त्यांच्या मते सिद्धार्थ देसाई पहिला. 2018 च्या मोसमात हा पोरगा आला आणि पदार्पणातच 21 सामन्यांत चढाईचे 218 गुण घेऊन मोकळा झाला. माझे बाबा याच पक्षाचे. पण त्यांचे खरे कारण आकडा नव्हे. सिद्धार्थ हुंदळेवाडीचा, तालुका चंदगड. आमचेही मूळ गाव चंदगड तालुक्यातच! माझी यादी ऐकून बाबा म्हणाले, “चंदगडचा पोरगा पहिला नाही? मग तुझी यादी कसली रे?”

दुसरा पक्ष अस्सल मुंबईकरांचा. त्यांचा रिशांक देवाडिगा. हा आपल्या मुंबईतच वाढलेला. लागोपाठ दोन चढाया कोरड्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर खेळाडू बाद. त्या ‘करा किंवा मरा’ चढाईला जाण्याचे काम बहुधा रिशांकचे. अशा चढाईचे कौतुक आमच्या डोंगरावर कुणाला सांगावे लागत नाही. 2018 च्या जानेवारीत हैदराबादला महाराष्ट्राने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले, तेव्हा कर्णधार हाच होता.

तिसरा पक्ष पकडवाल्यांचा. टाळ्या चढाईला मिळतात, पण सामना पकडीवर टिकतो, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोटे नाही. सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर हे दोन कोपरे, मध्ये जीवा कुमारची धडक, अशी ती भिंत होती. आणि फझल अत्राचाली! इराणचा हा डावा कोपरारक्षक 2018 च्या लिलावात एक कोटीला गेला. तोवर एवढी बोली कुणावर लागली नव्हती. कोटीचा माणूस, पण काम काय? वाकून दुसऱ्याचा घोटा धरणे!

माझे मत मात्र चौथेच. पहिला नंबर अनुप कुमारचा. गडी हरियाणाचा; पण पहिल्या पाचही मोसमांत कर्णधार तोच. 2014, 2015 आणि 2016, तिन्ही वर्षी संघ अंतिम फेरीत गेला. 2015 मध्ये बंगळुरूला 36-30 हरवून अजिंक्यही झाला. त्यानंतर 2025 पर्यंत संघाला अंतिम फेरी दिसलेली नाही. अनुपची चढाई पाहताना प्रथम कंटाळाच यायचा. ना उडी, ना आरडाओरडा. पायाचा अंगठा बोनस रेषेपलीकडे टेकवायचा, एक गुण घ्यायचा आणि हसत परत यायचे. संघ मागे पडला की सगळ्यांचे चेहरे उतरत, अनुपचा नाही. त्याच्या त्या शांतपणावर बाकीचे सहा जण उभे असत.

“पण तो आपला कुठे?” हा प्रश्न येतोच. खरे तर माझी यादी या प्रश्नासाठीच आहे. कारण मग सिद्धार्थ तरी आपला कुठे? एक मोसम खेळला आणि पुढच्या वर्षी 1 कोटी 45 लाखांना तेलुगू संघात गेला. मोहित 53 लाखांना बंगळुरूला गेला, रिशांक उत्तर प्रदेशकडे. खुद्द अनुपला 2018 मध्ये जयपूरचा सदरा घालावा लागला, आणि त्याच डिसेंबरात त्याने निवृत्ती घेतली. लोक म्हणतात, पैशासाठी गेले. मी बाबांकडे पाहतो. चंदगड सोडून ते मुंबईला आले ते पोटासाठीच. मरोळ-साकीनाक्यात त्यांनी आजवर तीन कारखाने बदलले, दर वेळी पगारात थोडी वाढ मिळाली म्हणून. त्यांना कुणी बेइमान म्हटले नाही. त्याच वाढीतून माझी फी भरली जाते, आणि आमच्या घरातला महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिला मुलगा आज हे चार शब्द लिहितो आहे. तीस वर्षे या शहरात घाम गाळूनही अर्जावर ‘मूळ गाव’ विचारतात, तेव्हा बाबा चंदगडच सांगतात. म्हणून ते मुंबईचे नाहीत काय?

जो जिथे राबला, तिथला तो. ही फूटपट्टी लावली की हरियाणाचा अनुप मुंबईचा ठरतो, इराणचा फझलही ठरतो. आणि एकाच मोसमाचा सिद्धार्थ थोडा खाली सरकतो. अनुप, फझल, रिशांक, सिद्धार्थ आणि जीवा कुमार : ही माझी पहिल्या पाचांची यादी. नाडा-मोहितची जोडी फोडून एकालाच घेणे जिवावर आले, म्हणून दोघेही बाहेर राहिले.

बाबांना ही यादी अजून मान्य नाही. “चौथा तर चौथा, पण नाव ठळक लिही,” एवढीच त्यांची अट. मासिकाचे संपादक तेवढे करतील, अशी आशा आहे. वाचकांनी आपापल्या याद्या घेऊन कॅन्टीनमध्ये यावे. चहा मात्र ज्याचा त्याने घ्यावा!