दाल बाजारातील गौरीची आरास

ग्वाल्हेरला येणारा पाहुणा प्रथम किल्ला पाहतो आणि मग जयविलास. तेथील दरबार हॉलमधील दोन झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची आहेत, छताला ती पेलतील की नाही हे अजमावण्यासाठी वर हत्ती चढविले होते, आणि खालचा गालिचा तुरुंगातील कैद्यांनी बारा वर्षे खपून विणला, असे मार्गदर्शक मोठ्या अभिमानाने सांगतो. पाहुण्याचे डोळे दिपतात, आणि ते दिपावेत म्हणूनच तो वाडा 1874 मध्ये उभा राहिला. परंतु लष्करातील मराठी घर कसे सजत असे हे ज्याला जाणून घ्यायचे असेल, त्याने महाराज बाड्यावरून पायी निघावे आणि दाल बाजारात शिरावे.

येथे शोभेचे असे काही दिसणार नाही. तूर, मसूर, हरभरा यांची पोती, त्यांतून वाट काढणारे हातठेले, पाठीवर ओझे घेऊन धावणारे पल्लेदार, आणि सगळ्यावर पसरलेली डाळीची पिवळसर भुकटी. दुकानात मात्र क्षणभर थांबून पाहावे. जुन्या पद्धतीच्या पेढीवर अजून गादी असते, तिच्यावर पांढरी चादर, मागे लोड, पुढे मुनीमजींचे उतरत्या झाकणाचे डेस्क. आपल्याकडची बैठक ती हीच! माझे आजोळ अशाच एका पेढीच्या वरच्या मजल्यावर होते. खाली मारवाडी व्यापाऱ्याची गादी आणि वर मामांची बैठक, यांत फरक एवढाच की वरच्या चादरीवर पाय धुतल्याखेरीज बसण्याची परवानगी नव्हती.

दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. त्या तळाचे शहर झाले, तरी नाव ‘लष्कर’ हेच राहिले. मला नेहमी वाटते की नावाप्रमाणे घरातील सामानानेही छावणीचा स्वभाव सोडला नाही. सतरंजी, जाजम, लोड, तक्के, पेटारे हे सारे गुंडाळून किंवा उचलून नेता येण्याजोगे. भिंतींना मात्र इथल्या मातीने आपले रूप दिले. महाराष्ट्रातील वाडा सागवानी खांबांवर उभा, तर लष्करातील घर वालुकाश्माचे. छतसुद्धा दगडी पट्ट्यांचे. अशा भिंतीत खिळा सहजी ठोकता येत नाही, म्हणून तसबिरींची रांग लावण्याची हौस फारशी भागत नसे. शोभा यायची ती कोनाड्यांतून, दगडी जाळीतून पडणाऱ्या कवडशांतून आणि अंथरलेल्या वस्त्रांतून. आमची गृहशोभा कायम मांडून ठेवलेली नव्हती. ती प्रसंगाला काढायची आणि प्रसंग सरला की घडी घालून ठेवायची. या सगळ्या सामानाची वार्षिक हजेरी लागे ती चैत्रात.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेला निरोप घेते. या महिन्यातील एक संध्याकाळ हळदीकुंकवाची. त्या दिवशी सकाळपासून मामी पदर खोचून घर हलवीत. घडवंची खालच्या पायरीला, तिच्यावर पितळी पट्ट्यांचा पेटारा, वर चौरंग, त्याच्याही वर पाट. अशा उतरत्या पायऱ्या जमल्या की त्यांवर चंदेरी पातळे पसरायची. शिसवी पलंगाची नक्षीदार पाठ काढून ती मागे उभी करायची. समई, अत्तरदाणी, गुलाबदाणी, लाकडी खेळणी हे पायऱ्यांवर. खाली रांगोळीचे चैत्रांगण.

बागेसाठी दाल बाजारात जागा कोठून असणार! पण खालच्या पेढीतून तेलाचे रिकामे डबे मिळत. त्यांना भोके पाडून मामींनी गच्चीवर मोगऱ्याची रांगच लावली होती. शिवाय जाई, गुलबक्षी आणि एका फुटक्या घंगाळात तुळस. चैत्राच्या उन्हात मोगऱ्याला दोन वेळा पाणी लागे, आणि ते खालून चढवून आणावे लागे. भर उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडले की ओला वाळा आणि ताजा मोगरा यांचा जो एकत्र दरवळ सुटे, त्यापुढे कुठल्याही अत्तराची मातब्बरी नाही. फुले मात्र पातळावर थेट ठेवायची नाहीत, हा मामींचा दंडक. ओल्या देठाचा डाग रेशमावरून जात नाही. म्हणून आधी पान किंवा थाळी, मगच फूल.

ओटीसाठी भिजवलेले हरभरे आणि आंब्याच्या डाळीसाठी हरभऱ्याची डाळ खालूनच येई, आणि तिचे पैसे घेतले जात नसत. त्याला कारण होते. मारवाड्यांची गणगौर याच चैत्र तृतीयेची. शेठाणी गणगौरीचे गोड गुणे वर पाठवीत आणि आमच्या हळदीकुंकवाला सुनांना घेऊन येत. आंब्याच्या डाळीची पहिली वाटी त्यांची असे, आणि पुढच्या वर्षी कैरी थोडी कमी घाला, असे दर वर्षी सांगण्याचा हक्कही त्यांचाच.

चंदेरीबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. आज अशोकनगर जिल्ह्यात असलेले चंदेरी गाव 1811 मध्ये शिंद्यांसाठी जिंकले ते जाँ बाप्तिस्त फिलोज या सेनापतीने; जयविलासचा शिल्पकार मायकेल फिलोज त्याच घराण्यातला. मधला काही काळ वगळता चंदेरी ग्वाल्हेर संस्थानातच राहिली आणि तिचे विणकाम मराठी घरांतून माहेरच्या माणसासारखे वावरले. पूर्वी ते वस्त्र केवळ सुती असे. ताण्याला रेशीम आले ते विसाव्या शतकात. या रेशमाचा नैसर्गिक डिंक पूर्ण काढीत नाहीत. वस्त्राला ती पारदर्शक झळाळी येते ती त्यामुळेच, आणि जुने पातळ घडीवर चिरते तेही त्यामुळेच. ज्यांच्या पेटीत आजीचे चंदेरी असेल त्यांनी वर्षातून दोनदा तरी त्याची घडी मोडून वेगळ्या रेघेवर घालावी, मऊ सुती कापडात ठेवावे आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. 2005 मध्ये चंदेरीला आणि 2023 मध्ये ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही आनंदाची गोष्ट खरी. पण मानांकन नव्या मालाला मिळते, पेटीतल्या पातळाची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

ती घेतली गेली नाही तर काय होते, हे आजोळीच पाहिले. मामा गेले, पाठोपाठ मामी गेल्या. एक मामेभाऊ पुण्यात, एक बंगळूरला, आणि धाकटा इथेच, पण सिटी सेंटरच्या फ्लॅटमध्ये. वरचा मजला रिकामा करण्याचे ठरले. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने पलंग, डेस्क, घडवंची यांची एकगठ्ठा किंमत सांगितली; जुनी जर घेणारा एकजण पातळे तराजूत घालायला तयार होता. जर खरी असली की काठ जाळून चांदी निघते, आणि वस्त्राचा हिशेब राखेत संपतो. दोघा मोठ्या भावांचा कल देऊन टाकण्याकडे होता. त्यांना दोष देववत नाही; दोन खोल्यांच्या घरात घडवंची कुठे ठेवायची, हा प्रश्न खोटा नाही. त्यातच खालून शेठाणींनी विचारले, “वहिनीजी, इस बार गौर कहाँ बैठेगी?” धाकट्या वहिनींनी त्यांना उत्तर दिले नाही, पण तराजूवाल्याला परत पाठविले.

पलंग लिफ्टमध्ये मावेना. वहिनींनी सुताराकडून त्याची पाठ आणि दोन पाय राखून एक बाक करवून घेतला. जुन्या वस्तूला करवत लावल्याबद्दल नातलगांत बरेच बोलणे झाले; पण माझ्या मते त्यांनी योग्य केले. अखंड पलंग कुणाच्या हॉटेलात शोभेला गेला असता, त्यापेक्षा हा बाक घरात रोज बसायला आहे. डेस्क नातवाने अभ्यासाला घेतले. लाकडाला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा हात फिरवितात, कारण इथले उन्हाळे पंचेचाळीस अंशांपलीकडे जातात आणि शिसवालाही तडे पाडतात. घडवंची मात्र गेली; तिची हळहळ मला अजून वाटते. विरलेल्या तीन पातळांचे काठ उसवून वहिनींनी ते साध्या सुती कापडावर टाकले, आणि पायऱ्यांवर आता तीच वस्त्रे अंथरतात. एक पातळ धड राहिले होते, तेही चौकटीत घालून भिंतीला लावा, असा सल्ला कुणीतरी दिला. तो मानला गेला नाही हे बरे झाले. भिंतीवर उजेड खात रंग उडण्यापेक्षा वर्षातून एक संध्याकाळ गौरीखाली बसणे त्याला अधिक मानवेल.

तेलाचे सात डबे नव्या घरी आले. पश्चिमेच्या सज्जात पहिल्याच वैशाखात पाच झाडे करपली. उरलेल्या दोहोंना वहिनींनी दुपारी जुन्या वाळ्याच्या पडद्याचा आडोसा केला आणि पावसाळ्यात त्यांचीच कलमे लावली. गेल्या चैत्रात ओंजळभर मोगरा घरचा निघाला, बाकीचा बाजारातून आणला. हरभऱ्याची डाळ शेठाणी स्वतः रिक्षातून घेऊन आल्या. लिफ्टवर त्यांचा विश्वास नाही, त्यामुळे चार मजले पायऱ्यांनी चढल्या, बाकावर टेकल्या, आणि वाटी हातात घेऊन म्हणाल्या की कैरी या वर्षीही जास्तच पडली आहे.